पाटीवर नऊ, यादीत आठ : एका गावाच्या सैनिक स्मारकाचं प्रकरण

आधीच सांगून ठेवतो, गावाचं आणि माणसांची नावं देणार नाही. खटाव तालुक्याच्या अंगाला असलेलं, आठवडी बाजार भरणारं, आठ-नऊ हजार वस्तीचं गाव एवढं पुरे. मी स्मारक समितीचा सचिव होतो, म्हणजे खरं सांगायचं तर माझं स्टँडसमोर डीटीपी आणि फ्लेक्सचं दुकान आहे आणि यादी टाइप करायला कुणीतरी लागतं म्हणून मला सचिव केला. आता आसपासच्या दोन-तीन गावांतनं फोन येतात की तुम्ही कसं केलं, काय परवानग्या लागल्या, किती खर्च आला, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय, चुकांसकट.

पार्श्वभूमी

आमचा पट्टा दुष्काळी. पाऊस नाही, बागायत नाही, त्यामुळं पोरांना वाटा दोनच, एक गलाईच्या धंद्यात सोनं-चांदी गाळायला लांब कुठंतरी जायचं नाहीतर पलटणीत भरती व्हायचं. दर दोन-चार घरांमागं एक घर फौजीचं. जिल्ह्यात सैनिकांचं गाव म्हटलं की सगळे अपशिंगे मिलिटरीचं नाव घेतात आणि ते बरोबरच आहे, पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण गेले. पण आमच्या गावातही जुन्या चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे. वर चुना बसलेला, खाली पोस्टर चिकटवून चिकटवून डिंकाचा थर. मजकूर इंग्रजीत, अर्थ असा की या गावातून १०४ माणसं १९१४-१९१९ च्या महायुद्धाला गेली, त्यांपैकी ९ जणांनी प्राण दिले. असल्या पाट्या इंग्रजांनी देशभर गावोगाव बसवल्या, मजकूर साच्यातला, बदलायचा तो फक्त गावाचं नाव आणि आकडा. नाव एकाचंही नाही.

मी लहानपणापासून ती पाटी बघतोय, तिच्याखाली बसून गोट्या खेळलोय, ते नऊ कोण हे कधी विचारलं नाही. कुणीच विचारलं नव्हतं.

ऑगस्ट २०२३ मधे ‘मेरी माटी मेरा देश’ मोहीम आली. प्रत्येक ग्रामपंचायतीनं शिलाफलक लावायचा आणि त्यावर गावातल्या वीरांची नावं टाकायची असं ठरलेलं. ९ ऑगस्टला सुरुवात, हातात दिवस मोजके. ग्रामसेवकांनी मला दुकानात येऊन सांगितलं, उद्यापर्यंत नावं टाइप करून दे. मी माजी सैनिक संघटनेच्या सुभेदार साहेबांना फोन लावला, त्यांनी फोनवरच पाच नावं सांगितली, मी टाइप केली, प्रिंट काढली, फरशी बसली, फोटो अपलोड झाला. सगळा भांडणाचा पाया त्या वीस मिनिटांच्या फोनमधे आहे.

अडचण

फलक लागल्यावर आठ दिवसांत चार माणसं दुकानात आली.

पहिले आले ते सेवेत असताना गाडी उलटून गेलेल्या जवानाचे थोरले भाऊ. त्यांचा प्रश्न सरळ होता, आमच्या धाकल्याचं नाव का नाही. सुभेदार साहेबांचं उत्तरही तितकंच सरळ, लष्कराच्या कागदावर ते बॅटल कॅज्युअल्टी म्हणजे लढाईत गेलेला नाही, फिजिकल कॅज्युअल्टी म्हणजे इतर कारणानं सेवेत असताना गेलेला आहे, म्हणून शहीद लिहिता येत नाही. भाऊ म्हणाले, “मयताच्या दिवशी अख्खं गाव अमर रहे म्हणत हुतं, तिरंग्यात आणला, बंदुकीची सलामी झाली. तवा अमर, आन आता फिजिकल?” यावर कुणाकडंच उत्तर नव्हतं. माझ्याकडं तर नव्हतंच, अंत्ययात्रेचे फ्लेक्स मीच छापले होते आणि त्यावर ‘शहीद’ दोन फुटाच्या अक्षरात होतं.

दुसरे आले ते पहिल्या महायुद्धात गेलेल्याचे पणतू, त्यांना चावडीवरचे नऊ त्यात हवे होते. तिसरे आले ते पहिले दोघं बरोबर नाहीत हे सांगायला. हे निवृत्त गुरुजी, हायस्कूलला आम्हाला इंग्रजी शिकवायचे. त्यांचे आजोबा ९ सप्टेंबर १९४२ च्या वडूजच्या मोर्चात होते, ज्यात गोळीबार झाला तो मोर्चा. पुढं नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या काळात ते भूमिगत होते. गुरुजींचं म्हणणं, “इंग्रजाच्या पगारावर मेसोपोटेमियात मेला तो आणि इंग्रजाच्या गोळीनं वडुजात मेला तो, दोघं एकाच दगडावर? मग दगडाला तोंड कुठल्या बाजूला करायचं?”

चौथा माणूस आला तो आत आलाच नाही. बाहेर सायकल धरून उभा राहिला आणि एवढंच म्हणाला, “आमच्याकडं कोण आलंच न्हाय विचारायला.” बौद्ध वस्तीतला. त्याच्या आज्जाचा भाऊ महार रेजिमेंटमधे होता, ब्रह्मदेशात गेला तो परत आला नाही. मी म्हणालो बघतो. आणि विसरलो. हे पुढं महागात पडलं.

पर्याय

ऑक्टोबरमधे ग्रामसभा झाली, फरशी काढून नीट स्मारक करायचं एवढ्यावर एकमत झालं आणि पुढं प्रत्येक गोष्टीवर फाटे फुटले.

जागेचा वाद लवकर मिटला. स्टँडचा चौक दिसायला चांगला पण रस्ता रुंद होणार, आज बांधायचं आणि उद्या उचलायचं, त्यामुळं चावडीसमोरची गावठाणाची जागा धरली. पुतळा नको हेही पटकन ठरलं, पुतळ्याच्या परवानग्यांचा व्याप वेगळा आणि नंतर त्याची निगा राखायची कुणी. काळ्या ग्रॅनाइटची उभी शिळा, मागं भिंत, पुढं ध्वजस्तंभ, बास. पैशात गलाईवाल्या मंडळींनी मोठा हात दिला, एकानं दीड लाख एकदम काढले पण वडिलांचं नाव शिळेच्या माथ्यावर पाहिजे म्हणाले. त्यांना मागच्या भिंतीत वेगळी फरशी दिली. आठवडाभर रुसले, मग मान्य केलं.

खरा घोळ होता नावं कुणाची आणि वर मथळा काय. तीन पर्याय पुढं आले. पहिला, फक्त १९४७ नंतरचे आणि तेही लष्करानं युद्धात गेले म्हणून नोंदवलेले. सुभेदार साहेब याच बाजूचे, दिल्लीत २५ फेब्रुवारी २०१९ ला जे राष्ट्रीय युद्ध स्मारक झालं तिथंही स्वातंत्र्यानंतरचीच नावं आहेत हा त्यांचा मुद्दा. त्यावर मागनं एक पोरगं ओरडलं, मग इंडिया गेटवर कुणाची नावं हायत? सभा हसली, पण मुद्दा रास्त होता, इंडिया गेटच्या दगडात पहिल्या महायुद्धातल्या आणि तिसऱ्या अफगाण युद्धातल्या तेरा हजारांवर माणसांची नावं आहेत. दुसरा पर्याय, सगळे घ्यायचे पण तीन वेगळे भाग करायचे, इंग्रजांच्या काळातले, नंतरचे युद्धात गेलेले, आणि सेवेत असताना गेलेले. हा मला सगळ्यात बरा वाटत होता, टाइपसेटिंगलाही सोपा. तिसरा, एकच यादी, गेले त्या सालाप्रमाणं, कुठलाही भाग नाही.

मी दुसऱ्याचं डिझाइन करून सभेत दाखवलं. थोरले भाऊ पुढं आले, बोट तिसऱ्या भागावर ठेवलं, तिथं एकच नाव होतं, त्यांच्या भावाचं, खाली सगळी मोकळी जागा. म्हणाले, “पंक्तीत एकट्याला कोपऱ्यात बसवल्यागत दिसतंय. तसलं नको, त्यापरीस नाव घालू नका.” आणि निघून गेले. कॉम्प्युटरवर जे नीटनेटकं दिसत होतं ते खरोखर तसंच दिसत होतं.

काय केलं

त्या सभेनंतर आम्ही दगडाचा विषय बाजूला ठेवला आणि नावं शोधायला लागलो. हे आधी करायला पाहिजे होतं, पण असो.

स्वातंत्र्यानंतरची नावं सोपी. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातनं आणि घरच्या कागदांवरनं सहा मिळाली, अपघातातला जवान धरून. जुन्या नावांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची ऑनलाइन नोंद आहे, त्यात बऱ्याच शिपायांपुढं बापाचं नाव, गाव, तालुका, सातारा, बॉम्बे असं लिहिलेलं असतं. अडचण एवढीच की कुठल्यातरी कारकुनानं ऐकून इंग्रजीत लिहिलेलं. आमच्या गावाचंच नाव चार तऱ्हेनं सापडलं. आडनावाचं तर विचारू नका, के-ए-एल-ई असेल तर काळे, काले, कळे काहीही असू शकतं, मग बापाच्या नावावरनं भाटाच्या वंशावळीच्या वह्या, जमिनीचे जुने उतारे, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी असं जुळवत बसायचं. माझी दुकानातली पोरगी यात हुशार निघाली, तिनं एका रात्रीत तीन जुळवले.

नऊपैकी सात मिळाले. सातातले पाच मेसोपोटेमियातले, म्हणजे आजचा इराक. १०३, ११० आणि ११७ मराठा या तिन्ही पलटणी तिथल्या कुत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात अडकल्या होत्या, ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, जवळजवळ पाच महिने. शेवटी घोडी कापून खायची वेळ आली, आपल्यातल्या बऱ्याच शिपायांनी ते मांस धर्माला चालत नाही म्हणून खाल्लं नाही. शरण गेल्यावर कैदेत किती मेले त्याची गोष्ट वेगळीच. त्यांच्या नावानं बसऱ्याला मोठं स्मारक आहे, चाळीस हजारांवर माणसांचं, पण त्याच्या दगडावर साध्या हिंदी शिपायांची नावं कोरलेली नाहीत, पलटणीवार नुसते आकडे. नावं राहिली वहीत. म्हणजे चावडीवर आकडा आणि बसऱ्यालाही आकडाच. हे मी सभेत सांगितलं तेव्हा पहिल्यांदा सभा गप्प झाली.

आठवा कसा मिळाला ते सांगतो. आम्ही घरोघर फिरत होतो, एका घरात मावशींनी पाणी दिलं, तांब्यावर झाकण म्हणून एक जाड, काळपट, हाताला जड वाटावी अशी गोल चकती. साधारण चार-पाच इंच. मी सहज उलटी केली तर त्यावर बाईची आकृती, हातात पानांचं गोल कडं, शेजारी सिंह, कडेनं इंग्रजी अक्षरं आणि एका चौकोनात उठावात नाव. मावशी म्हणाल्या, “सासूबाईंच्या आधीपासनं हाय घरात. फुटत न्हाय, गंजत न्हाय, मांजर पाडत न्हाय.” पहिल्या महायुद्धात गेलेल्यांच्या घरी ब्रिटिश सरकार ही कांस्याची चकती पाठवायचं, प्रत्येकावर त्या त्या माणसाचं नाव, हुद्दा नाही. नाव त्यांच्या सासऱ्यांच्या चुलत्याचं होतं. शंभर वर्षं तो माणूस त्या घरात पाण्यावर झाकण होऊन होता आणि घरातल्या कुणालाच इंग्रजी वाचता येत नसल्यानं कुणाला माहीत नव्हतं.

चकती सभेत आणली. गुरुजींनी चष्मा वर करून कडेची अक्षरं वाचली आणि हसायलाच लागले. ‘ही डाइड फॉर फ्रीडम अँड ऑनर.’ मग मराठीत सांगितलं, हा स्वातंत्र्यासाठी आणि सन्मानासाठी मेला. “कुणाच्या स्वातंत्र्यासाठी रे? ह्याच सरकारनं आमच्या आज्जाला स्वातंत्र्य मागतो म्हणून धरायला पोलीस पाठवले.” सगळ्यांना वाटलं आता संपलं, गुरुजी उठून जाणार. पण ते चकती हातात घेऊन बराच वेळ बसले, आणि मग दोन अटी घातल्या. एक, आमच्या आज्जाचं नाव या दगडावर नको, बेचाळीसच्या हुतात्म्यांचं स्मारक त्यांचं वेगळं आहे, यात त्यांना ओढू नका. दोन, ‘शहीद’ आणि ‘देशासाठी’ हे शब्द मथळ्यात नकोत, त्यापेक्षा प्रत्येक नावापुढं पलटण, जागा आणि साल लिहा, कोण कुणासाठी मेला ते वाचणाऱ्याचं वाचणारा ठरवेल.

मग मथळा काय? यावर तीन आठवडे गेले. शहीद नको, हुतात्मा म्हटलं की बेचाळीस, वीरगती म्हटलं की अपघातवाल्या घराला टोचणार. शेवटी गुरुजींनीच सुचवलं, बखरीत काय लिहितात, अमुक अमुक लढाईत कामी आले. ‘या गावचे कामी आलेले शिपाई.’ सुभेदार साहेबांना शिपाई शब्द खटकला, कारण यादीत दोन हवालदार आणि एक नाईक होते, पण ते म्हणाले चालेल, पलटणीत सगळे आधी शिपाईच असतात. थोरल्या भावांना विचारायला मी स्वतः त्यांच्या मळ्यात गेलो. मोटर चालू होती, पाणी बदलत होते, त्यांनी मान हलवली आणि म्हणाले सालाप्रमाणं एका खाली एक लिवणार असशील तर लिव.

असा तिसरा पर्याय ठरला.

चूक

जुलै २०२४ मधे यादी फायनल झाली, १८ नावं. पहिल्या युद्धातले आठ, दुसऱ्यातले चार, नंतरचे सहा. मी युनिकोडमधनं फॉन्ट बदलून फाइल दिली, प्लॉटरवर विनाइल कापलं, दगडावर चिकटवून वाळूच्या फवाऱ्यानं अक्षरं कोरली. एका आडनावात ऱ्ह होता, कन्व्हर्टरमधनं जाताना त्याचा र्ह झाला आणि मला प्रूफमधे दिसला नाही. तीस वर्षं हेच काम करतोय आणि दिसला नाही. पण ते निभावलं असतं, एपॉक्सी भरून अक्षर परत मारता येतं.

दगड टेम्पोतनं उतरवत असतानाच सायकलवाला माणूस आला. त्यानं नावं वाचली, दोनदा, आणि माझ्याकडं बघितलं. तेव्हा मला आठवलं.

आमची घरोघर फिरती म्हणजे गावठाणातली आणि मळ्यातली घरं. वस्तीत आम्ही गेलोच नव्हतो. मुद्दाम टाळलं असं कुणी म्हणालं तर मी नाही म्हणेन, पण समितीतल्या अकरा जणांत वस्तीतलं एकही नव्हतं आणि नऊ महिन्यांत ते कुणाच्या लक्षात आलं नाही हेही खरंच. मुद्दाम केलं असतं तर निदान भांडता आलं असतं. आमच्या सगळ्या चर्चेत पलटण म्हणजे मराठा पलटण. १९१७ मधे १११ महार उभी राहिली आणि युद्धानंतर मोडली, मग १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट परत उभी राहिली, हे सुभेदार साहेबांना पक्कं माहीत होतं, पण डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी, गुरुजी आणि सुभेदार साहेब वस्तीत गेलो. बुद्धविहारात बसलो. कागद म्हणाल तर पेन्शनचं एक जुनं पत्र आणि नंबर. तेवढ्यावरनं रंगून मेमोरियलच्या नोंदीत नाव सापडलं, ते स्मारक सुमारे सत्तावीस हजार नावांचं आहे आणि तिथं मात्र नावं कोरलेली आहेत. म्हणजे यांच्या माणसाचं नाव ब्रह्मदेशात दगडावर होतं, गावातल्या दगडावर नव्हतं. हे वाक्य माझं नाही, त्यांच्या घरातली कॉलेजला जाणारी मुलगी म्हणाली, शांतपणे.

आता काय करायचं यावर समितीत दोन मतं. खाली एक ओळ वाढवू, जागा आहे, काम दोन-तीन हजारात भागेल. पण सालाप्रमाणं यादी ठरलेली, नाव शेवटी टाकलं की १९४५ चं साल सगळ्यात खाली येणार आणि ज्याला थोरले भाऊ पंक्तीत कोपऱ्यात बसवणं म्हणाले तेच आपण दुसऱ्या कुणाला करणार. दगड बदलायचा तर ६२ हजार पाण्यात. ग्रामपंचायतीनं हात वर केले. आश्चर्य म्हणजे नवीन दगडाचे पहिले दहा हजार थोरल्या भावांनी दिले. माझी मजुरी मी सोडली, ऱ्ह माझ्याकडनं गेला होता त्यामुळं तसंही मागायला तोंड नव्हतं.

काय झालं

१६ डिसेंबर २०२४ ला, विजय दिवसाला, उद्घाटन झालं. १९ नावं. कोनशिलेवर कुणा पुढाऱ्याचं नाव नाही, पडदा १९७१ च्या लढाईत गेलेल्याच्या वीरपत्नींनी सरकवला, वय ऐंशीच्या पुढं, दोरी अडकली तर त्यांनी हिसडा मारून ओढली आणि पडदा दांडीसकट खाली आला. एकूण खर्च साडेचार लाखाच्या आसपास, पहिला दगड धरून. पहिला दगड पंचायतीच्या मागं उलटा ठेवलाय, सध्या त्यावर पोरं बसतात.

सगळे खूश आहेत असं नाही. माजी सैनिकांतल्या काही जणांचं अजून म्हणणं आहे की शहीद शब्द पाहिजेच होता, आणि फेसबुकवर कुणीतरी टाकलं की आमच्या गावानं जवानांचा अपमान केला. गुरुजी उद्घाटनाला आले, मागच्या रांगेत बसले, नारळ फोडायला बोलावलं तर उठले नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

दगडाचं कोटेशन आम्ही नावांच्या आधी मागवलं, तिथंच चुकलं. माप ठरलं, पैसे ठरले आणि मग नावं त्या मापात बसवायच्या मागं लागलो. कुणी करणार असाल तर आधी सहा महिने नुसती यादी करा, यादीचा साधा कागद प्रत्येक वस्तीत, मळ्यात, विहारात, मशिदीत, मुंबईकर मंडळाच्या ग्रुपवर लावा आणि लोकांना शिव्या घालू द्या, कागद फाडून दुसरा लावायला दहा रुपये लागतात. समितीत कोण कोण आहे ते पहिल्या दिवशी मोजा. फॉन्ट बदलल्यावर प्रूफ दुसऱ्याला वाचायला द्या, ज्यानं टाइप केलं त्यानं वाचू नये. आणि घरात जाल तेव्हा कागद मागू नका, भांडी बघा.

एक गोष्ट अजून पटलेली नाही मला स्वतःला. पाटीवर नऊ आहेत आणि आम्हाला आठच मिळाले, म्हणून नवव्याची ओळ आम्ही मोकळी ठेवली, नुसता आकडा ९ कोरलाय आणि पुढं काही नाही. सुभेदार साहेब विरोधात होते, दात पडल्यागत दिसतं म्हणाले, आणि दिसतंच तसं. माझं मत ठेवायच्या बाजूनं पडलं. अजून रोज दुकान उघडायला जाताना त्याच्याकडं नजर जाते.

मागच्या महिन्यात मुंबईवरनं एका बाईंचा फोन आला. पणजोबा आमच्याच गावचे, लढाईला गेले ते आलेच नाहीत, घरात कागद काही नाही पण ट्रंकेत मनीऑर्डरची एक पावती आहे, १९१७ ची, शाई उडालीय. यात्रेला येताना घेऊन या म्हणून सांगितलंय. कोरणाऱ्याला विचारून ठेवलं, जागेवर येऊन एक ओळ मारायचे साडेतीन हजार म्हणतोय, वर जाण्यायेण्याचं पेट्रोल वेगळं.